मैत्री, घरसभा आणि जातीचा प्रश्न

१

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या मध्य रेल्वेवरील तीन शहरांच्या कामगार वस्त्यांतून हिंडणाऱ्या कार्यकर्त्याच्या नजरेतून एक गोष्ट सुटू नये. आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी दहा बाय बाराच्या खोलीत दहा-पंधरा माणसे जमतात. सतरंजी अंथरलेली असते. ढोलकी असली तर असते, नसली तर टाळ्यांवर भागते. मराठी, हिंदी, कधी सिंधी गाणी म्हटली जातात. बायबलमधला एक उतारा वाचला जातो. कुणी उठून आपली हकिकत सांगते. मग एकमेकांची नावे घेऊन प्रार्थना होते आणि चहा पिऊन माणसे घरोघर जातात. दारावर पाटी नसते, बहुधा क्रूसही नसतो. कुणी याला घरसभा म्हणते, कुणी नुसतीच 'प्रार्थना'. जमणाऱ्यांत मातंग असतात, चर्मकार असतात, बौद्ध असतात, सिंधी असतात, उत्तर प्रदेशातून पोटासाठी आलेले असतात. त्यांतल्या बऱ्याच जणांचा बाप्तिस्मा झालेला नसतो.

या घटनेकडे पाहण्याच्या दोन तयार चौकटी आपल्याकडे आहेत. पहिली हिंदुत्ववाद्यांची. त्यांच्या लेखी हा सारा आमिषाचा मामला आहे. गरीब माणसालाही स्वतःची बुद्धी असते आणि तोही काही विचार करून एखाद्या बैठकीला जाऊ शकतो, हे त्यांना मुळातच मान्य नाही. दुसरी चौकट आपल्या चळवळीतली. बाबासाहेबांनी १९५६ साली आपल्याला बुद्ध दिला. आता पुन्हा कुणा देवापुढे गुडघे टेकण्याचे कारण काय, असा रोखठोक सवाल आपले कार्यकर्ते करतात. हा सवाल प्रामाणिक आहे. पण तो करून आपण थांबतो. माणसे तिथे का जातात, तिथे त्यांना काय मिळते, आणि जे मिळते त्याने जातीच्या भिंतीला तडा जातो की नाही, हे आपण विचारीत नाही.

मी बौद्ध घरातला, विहाराच्या अंगणात वाढलेला. याच लाइनवरच्या एका महाविद्यालयात शिकवितो. माझ्या वर्गातली काही मुले-मुली अशा बैठकांना जातात आणि त्यांच्या बोलावण्यावरून मीही काही बैठकांत जाऊन बसलो आहे. ख्रिस्ती धर्माचा पुरस्कार करणे हा या लेखाचा हेतू नाही, खंडन करणे हाही नाही. मैत्रीच्या वाटेने पसरणाऱ्या या श्रद्धेची रीत समजावून घ्यावी आणि तिला जातीच्या प्रश्नाची कसोटी लावून पाहावी, एवढाच हेतू आहे.

२

मैत्री ही या शहरांत इतकी मोठी गोष्ट का ठरते, हे कळायला ही शहरे कशी वसली ते पाहावे लागेल. उल्हासनगर ही फाळणीने निर्माण केलेली वस्ती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. तिच्या बराकींत सिंधमधून आलेले निर्वासित ठेवले गेले आणि १९४९ साली राजगोपालाचारींच्या हस्ते या वसाहतीच्या नगराची पायाभरणी झाली. आजही तिथला माणूस पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर चार' असेच म्हणतो. अंबरनाथला अकराव्या शतकातले शिलाहारांचे शिवमंदिर आहे. पण तिथला कामगार अंबरनाथ ओळखतो तो ऑर्डनन्स फॅक्टरीमुळे, एके काळच्या विमकोच्या काडेपेटीच्या कारखान्यामुळे आणि एमआयडीसीमुळे. बदलापूर त्याच्याही पुढचे. मुंबई परवडली नाही, ठाणे परवडले नाही, मग कल्याणही परवडले नाही, अशी माणसे रुळांच्या कडेकडेने सरकत तिथवर पोहोचली.

आपली माणसे या पट्ट्यात आली ती मराठवाडा, सोलापूर, नगर, खानदेश या भागांतून. १९७२ च्या दुष्काळाने अशा असंख्य कुटुंबांचे गाव सुटले. गावात जातीचा जाच होता, उपासमार होती; पण महारवाडा-मांगवाड्यात मयत झाली तर खांदा द्यायला माणूस शोधावा लागत नव्हता. इथे अकरा महिन्यांचा करार संपला की खोली बदलावी लागते, खोलीबरोबर शेजार बदलतो. घरातला पुरुष पहाटेची लोकल पकडतो आणि रात्री परततो. जाण्यायेण्यातच तीन-साडेतीन तास जातात. बाई धुणीभांडी करते किंवा घरी बसून कारखान्याचे काम करते. आपले विहार, आपली मंडळे, आपल्या पक्षांच्या शाखा या पट्ट्यात काही कमी नाहीत. १४ एप्रिलला, ६ डिसेंबरला, धम्मचक्र प्रवर्तन दिनी तिथे माणसांचा पूर येतो. पण नवऱ्याची नोकरी सुटली आहे, मूल तापाने फणफणले आहे, अशा एखाद्या साध्या मंगळवारी त्या बाईच्या दाराशी कोण येते? घरसभेची मुळे या मंगळवारात आहेत.

३

या श्रद्धेचा प्रसार पत्रकांनी होत नाही, मोठ्या सभांनीही फारसा होत नाही. तो ओळखीतून होतो. उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यातून धागे कापायला माल घरी आणणारी एखादी बाई असते. शेजारीण तिच्याबरोबर बसून धागे कापते. शेजारणीचा नवरा दारू पितो, मुलगा सारखा आजारी असतो. पहिली बाई तिला म्हणते, "ताई, आमच्याकडं बुधवारी प्रार्थना असती. येऊन बसा. काही द्यावं-घ्यावं लागत नाही." ती येते, कोपऱ्यात बसते. शेवटी कुणीतरी विचारते, कशासाठी प्रार्थना करायची? ती मुलाचे नाव सांगते. खोलीतली दहा माणसे त्या मुलाचे नाव मोठ्याने उच्चारून त्याच्यासाठी मागणे मागतात. दोन दिवसांनी त्यांतलीच एक बाई घरी येऊन मुलाची चौकशी करते, जमल्यास दवाखान्यात सोबत जाते. मूल औषधाने बरे झाले की प्रार्थनेने, हा वाद नंतरचा. त्या आईच्या हिशेबी पक्की गोष्ट एवढीच असते की परक्या माणसांनी तिच्या मुलाचे नाव लक्षात ठेवले.

गटाचे लहानपण हेच त्याचे बळ असते. दहा-पंधरांत कुणी आले नाही तर लगेच कळते. शंभरांत कळत नाही. म्हणून गट फार वाढला की त्यातून दुसऱ्या गल्लीत दुसरा गट निघतो. खर्च जवळजवळ नसतो. खोली कुणाची तरी, चहा कुणाचा तरी. आणि तिथे प्रत्येकाला बोलावे लागते. जिने आयुष्यात चार माणसांपुढे तोंड उघडलेले नसते, ती बाई वर्षभरात उभी राहून आपली साक्ष सांगू लागते. वाचता येत नसेल तर बायबलचा उतारा वाचण्यासाठी अक्षरे गिरवू लागते. माझ्या पाहण्यातल्या अशा गटांत बाया पुरुषांपेक्षा जास्त आहेत, याचे कारण मला इथेच दिसते.

'साक्ष' या प्रकाराकडे आपल्या साहित्याच्या अभ्यासकांनी लक्ष द्यायला हवे. आपल्याकडेही माणसे स्वतःची हकिकत सांगू लागली तेव्हाच साहित्य बदलले. 'बलुतं' १९७८ चे, 'उपरा' १९८० चे, शांताबाई कांबळे यांची 'माज्या जल्माची चित्तरकथा' १९८६ ची. साक्ष आणि स्वकथन या दोहोंत भोगलेले दुःख चारचौघांत मांडण्याचे धैर्य आहे. पण दोहोंची दिशा वेगळी पडते. साक्ष सांगणारा म्हणतो, मी असा होतो, प्रभू भेटला, मी असा झालो. दारू, भांडण, आजार, कर्ज हे सारे त्याच्या पापाच्या खात्यात जमा होते. स्वकथन लिहिणारा विचारतो, मला असा कुणी केला? जागलकी कुणी करायला लावली, पाणवठा कुणी वेगळा केला? घरसभेत मी बऱ्याच साक्षी ऐकल्या. त्यांत दारू होती, करणी होती, सासूचा जाच होता. जात क्वचितच होती. सांगणाऱ्याच्या आयुष्यात ती नव्हती असे नाही. साक्षीच्या साच्यात तिला जागा नव्हती.

आणखी एक दोष इथेच नोंदवितो. काही ठिकाणी प्रार्थनेवर भिस्त ठेवून औषधे बंद केली जातात. क्षयाचे किंवा मधुमेहाचे औषध मध्येच सोडणे म्हणजे माणूस मारणे. अशा ठिकाणी मैत्रीची भाषा कितीही गोड असली तरी तिचा निषेधच केला पाहिजे. ज्या गटांत दवाखाना आणि प्रार्थना यांत वैर मानले जात नाही, असेही गट आहेत, हेही तितकेच खरे.

४

घरात जमणे ही या धर्माची नवी टूम नव्हे. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळ्यांना इमारती नव्हत्या. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात शिष्य घरोघरी भाकर मोडीत असल्याचा उल्लेख आहे. पौलाच्या पत्रांत अमक्याच्या घरी जमणाऱ्या मंडळीला सलाम सांगितलेला असतो. भाकर एकत्र मोडायची म्हटल्यावर प्रश्न ताटाचा आलाच, आणि तो त्या काळीही आला.

अंत्युखियात यहुदी आणि परराष्ट्रीय ख्रिस्ती एका पंक्तीला जेवीत. पेत्रही त्यांच्यात बसून जेवत असे. यरुशलेमेहून कट्टर मंडळी आली तेव्हा तो भिऊन पंक्तीतून उठू लागला. पौलाने त्याला सर्वांसमक्ष धारेवर धरले. ही हकिकत गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात आहे. करिंथ शहरात श्रीमंत आधी येऊन पोटभर खात आणि मजूर दमूनभागून येईपर्यंत अन्न संपलेले असे. पौलाने त्यावरही कडक शब्द लिहिले. आपल्या वाचकांना या दोन प्रसंगांची वेगळी फोड करून सांगायला नको. पंक्तीतून उठणारा माणूस आपण सारे ओळखतो.

पुढे अठराव्या शतकात इंग्लंडात जॉन वेस्लीने बाराएक माणसांचे वर्ग बांधले. त्यांचा उगम १७४२ साली ब्रिस्टल येथे सभागृहाचे कर्ज फेडण्यासाठी आठवड्याला पेनी-पेनी गोळा करण्याच्या योजनेत होता. वर्गणी मागायला घरोघर गेलेल्या माणसाला घरातले हाल दिसले आणि वर्गणीच्या यादीचा आधारगट झाला. विसाव्या शतकात लॅटिन अमेरिकेत भूमिहीन आणि झोपडपट्टीतल्या कॅथलिकांचे असेच छोटे गट उभे राहिले. १९६८ साली कोलंबियातील मेडेलिन येथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेने त्यांना पाठबळ दिले. या गटांत बायबल वाचताना जमीन कुणाची, मजुरी किती, पोलिस कुणाचे, हे प्रश्न विचारले जात. म्हणजे लहान गट हे एक भांडे आहे. त्यात काय शिजवायचे हे जमणारे ठरवितात.

५

महाराष्ट्रात या भांड्यात काय शिजले? १८४९ च्या सुमारास मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या मित्रांनी परमहंस सभा काढली. ती ख्रिस्ती नव्हती, पण मित्रांच्या छोट्या गटाचा आपल्याकडचा आरंभीचा आणि फार बोलका नमुना होती. सभासद एकत्र जमून प्रार्थना करीत आणि जातीचे बंधन मोडल्याची खूण म्हणून परक्या हातचा पाव खात. हे सारे बंद दाराआड चाले. १८६० मध्ये सभासदांच्या नावांचे दप्तर चोरीला गेले, नावे फुटण्याच्या भीतीने धावपळ झाली आणि सभा संपली. याच सभेत वावरलेले बाबा पदमनजी १८५४ साली उघडपणे ख्रिस्ती झाले आणि १८५७ साली त्यांनी विधवांच्या दुःखावरची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी लिहिली. बंद खोलीतली समता बाहेरच्या एका चोरीने कोसळते, हा धडा परमहंस सभेने दिला. जोतीराव फुले यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला तो उघड्यावर.

मिशनची वाट वेगळी होती. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, ठाणे केले. आधी थोडे ब्राह्मण आले, पुढे महार-मांगांची कुटुंबे मोठ्या संख्येने आली. शाळा मिळाली, दवाखाना मिळाला, माणूस म्हणून हाक मिळाली. हे ऋण कुणी नाकारू नये. पण मिशनचा कारभार साहेबाच्या बंगल्यावरून चाले आणि पगारी उपदेशक बंगल्याकडे पाहून बोले. महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती यांच्यातला रोटी-बेटीचा दुरावा बाप्तिस्म्याच्या पाण्याने आपोआप धुतला गेला नाही.

या कारभाराला आतून कंटाळलेला माणूस म्हणजे कवी नारायण वामन टिळक. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात त्यांना एक युरोपियन प्रवासी भेटला. त्याने धर्मावर आस्थेने गप्पा मारल्या आणि नव्या कराराची प्रत हाती दिली. त्या गृहस्थाचे नाव टिळकांना पुढेही कळले नाही. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. दोन दशके मिशनमध्ये काम केल्यावर १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला, साताऱ्याला बिऱ्हाड केले आणि 'देवाचा दरबार' काढला. ख्रिस्ताला मानणाऱ्यांचे हे बंधुमंडळ होते. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. साहेबाचा पैसा नको, साहेबाची रीत नको, अभंग-कीर्तनाच्या भाषेत आणि मैत्रीच्या नात्याने ख्रिस्त सांगावा, अशी ती कल्पना. १९१९ च्या मे महिन्यात टिळक वारले आणि दरबार बाळसे धरण्याआधीच विस्कटला. आज अंबरनाथच्या खोलीत पाटीविना जमणारी मंडळी टिळकांचे नावही ऐकून नसेल, पण तिची घडण दरबाराच्या जवळची आहे.

मात्र टिळक चित्पावन होते, हे विसरून चालणार नाही. सवर्ण माणूस जात सोडतो तेव्हा त्याला काय सोडावे लागते, याचा इतका खरा वृत्तांत लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'इतका दुसरीकडे क्वचितच मिळेल. नवरा ख्रिस्ती झाल्यावरही कित्येक वर्षे त्यांनी आपले सोवळे, आपला स्वयंपाक, आपले पाणी वेगळे ठेवले. एकेक पायरीने ते सुटले. मग त्या १९०० साली ख्रिस्ती झाल्या. उपदेशाने जात सुटली असे त्या सांगत नाहीत. रोजच्या सहवासात, ज्यांचा विटाळ मानला त्यांच्या मुलाबाळांत राहून ती सुटत गेली. मैत्रीने काही होऊ शकते याचा हा पुरावा आहे. पण त्याला किती वर्षे लागतात आणि कुणाच्या सहनशीलतेवर ती वर्षे निघतात, हेही त्याच पुराव्यात आहे.

६

बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्माचा विचार उडत उडत केलेला नाही. येवल्याच्या १९३५ च्या घोषणेनंतर त्यांनी सर्वच धर्म तपासले. १९३८ च्या आरंभी सोलापूरला ख्रिस्ती समाजापुढे बोलताना बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांनी आपले मन वेधले असे ते म्हणाले. आणि त्याच भाषणात दक्षिणेतल्या चर्चमधली जात आणि ख्रिस्ती समाजाचे राजकारणापासून अंग चोरणे यांवर त्यांनी बोट ठेवले. महाराष्ट्र शासनाने १९८९ साली काढलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात धर्मांतरित ख्रिस्त्यांवरचे लेखन आहे. मिशनच्या शिक्षणाचे आणि वैद्यकीय सेवेचे मोल ते मान्य करतात. त्यांचा आक्षेप असा की शिकलेला ख्रिस्ती आपल्या मागे राहिलेल्या बांधवांसाठी लढायला उठत नाही. बदललेला माणूस समाज बदलायला बाहेर का पडत नाही, हा त्यांचा प्रश्न होता.

या प्रश्नाचे उत्तर देण्याची धडपड ख्रिस्त्यांच्या आतूनही झाली, हे आपल्या वाचकांना फारसे ठाऊक नसते. मूळचे जालन्याचे अरविंद निर्मळ यांनी १९८१ साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात शूद्रांच्या धर्मचिंतनावर भाषण केले आणि त्यातून पुढे दलित धर्मचिंतनाचा प्रवाह वाढला. भारतीय ख्रिस्ती विचार आजवर ब्राह्मणी वेदान्ताशी संवाद करण्यात गुंतला आणि चर्चमध्ये बसलेल्या बहुसंख्य दलितांचे दुःख त्याने विचारात घेतले नाही, असा त्यांचा रोख होता. मराठवाड्यातल्या दलिताने हे सांगावे यात आश्चर्य नाही. खेद इतकाच की तो विचार पाठशाळांत राहिला. कॅम्प नंबर चारच्या घरसभेत तो अजून आलेला मला दिसला नाही.

७

घरसभेच्या दारावर पाटी का नसते, याचे एक कारण गुंडगिरीची भीती हे आहेच. दुसरे कारण कायद्यात आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती फक्त हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान झालेले दलित बाहेरच राहिले. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की धर्म बदलल्यावरही जातीची पिळवणूक तितकीच तीव्र राहते हे पुराव्याने दाखवावे लागेल. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची ही अट काढून टाकावी अशी शिफारस केली. २०२२ साली पुन्हा न्या. बालकृष्णन आयोग नेमला गेला. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात सांगितले की ख्रिस्ती धर्म पाळत असताना केवळ राखीव जागेसाठी हिंदू असल्याचा दावा करणे ही राज्यघटनेशी प्रतारणा आहे.

आता मातंग मुलगा काय करील? प्रार्थनेला जाईल, गाणी म्हणील, पण बाप्तिस्मा पुढे ढकलील आणि दाखल्यावर 'हिंदू मांग' लिहील. त्याला ढोंगी म्हणण्याआधी आपण आपली कपाटे उघडावीत. १९५६ नंतर १९९० पर्यंत केंद्राच्या सवलतींसाठी आपल्यापैकी कितीतरी घरांनी हेच केले. माझ्या वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू महार' आहे आणि तो दाखला ज्या पेटीत होता तिच्यावरच्या भिंतीला बुद्धाची तसबीर होती. श्रद्धा एक आणि दाखला दुसरा, ही फाटाफूट आपण भोगलेली आहे. तिच्यामुळे माणसाला आपल्या श्रद्धेचा चारचौघांत उच्चार करता येत नाही आणि श्रद्धा खोलीत कोंडली जाते.

आमिषाचा कायदा हे याच गोष्टीचे दुसरे अंग. ओरिसाने १९६७ साली आणि मध्य प्रदेशाने १९६८ साली बळजबरी व प्रलोभन यांनी होणाऱ्या धर्मांतराविरुद्ध कायदे केले. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले आणि धर्माचा प्रसार करण्याच्या घटनादत्त हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असे सांगितले. पुढे इतर राज्यांनीही असे कायदे केले. पण आजारी शेजारणीला डबा नेऊन देणे हे प्रलोभन की माणुसकी, हे पोलिस कसे ठरविणार? ज्यांच्या वाट्याला शतकानुशतके कुणाचा डबाच आला नाही, त्यांना आलेला पहिला डबा संशयास्पद ठरविणारा कायदा कुणाच्या सोयीचा आहे, हे सांगायला नको.

८

म्हणून कसोटी पोलिसांच्या हाती न देता आपणच लावली पाहिजे. पहिली कसोटी नकाराची. शेजारणीने सांगितले, ताई, मी चार वेळा आले, पण माझा बुद्धच बरा. तर त्यानंतरही दवाखान्यात सोबत येणारी बाई येते का? येत असेल तर ती मैत्री होती. येत नसेल तर तो गळ होता. मी दोन्ही प्रकार पाहिले आहेत. ज्यांनी नकारानंतरही येणे थांबविले नाही अशा बायांना मी ओळखतो आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे.

दुसरी कसोटी लग्नाची. एका सतरंजीवर बसणे आणि एका किटलीतला चहा पिणे इथवर घरसभा पोहोचली आहे. गावाकडच्या कित्येक वाड्यांत आजही एवढे घडत नाही. म्हणून ही कमाई लहान मानू नये. पण मातंग विश्वासी आणि चर्मकार विश्वासी, किंवा सिंधी आणि बौद्ध, यांच्या मुलामुलींची लग्ने निघाली की पुष्कळदा जातीचाच हिशेब सुरू होतो. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त आंतरजातीय विवाहाला जातीवरचा खरा उपाय म्हटले. घरसभेने या प्रश्नाला किती दिवस बगल द्यावी?

तिसरी कसोटी गल्लीची. नळाला पाणी येत नाही, झोपडी पाडायला माणसे आली, गटारात उतरलेला कामगार गुदमरून मेला, त्या दिवशी प्रार्थनेतली दहा माणसे कुठे असतात? ती एकमेकांची नावे लक्षात ठेवायला शिकलेली आहेत, बोलायला शिकलेली आहेत. एवढी तयारी असलेले दहा लोक मोर्चात आले तर शंभरांना भारी पडतील. लॅटिन अमेरिकेच्या गटांनी ते करून दाखविले.

या कसोट्या आपल्यालाही लागू आहेत. 'मैत्री' हा शब्द आपल्या घरातला आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी करुणेच्याही पुढे जाणारी, सर्व प्राणिमात्रांना कवेत घेणारी मैत्री सांगितली. आपण तिचे सुत्त म्हणतो. आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी कुणाच्या घरी जात नाही. आणि जोतीरावांनी 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तकात असे कुटुंब कल्पिले आहे की ज्यात बाई बौद्ध, पुरुष ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी, आणि तरीही सारे प्रेमाने एकत्र नांदतात. आपल्या या तीन शहरांत अशी घरे आता खरोखर होऊ लागली आहेत. आई प्रार्थनेला जाते, मुलगा विहारात येतो. त्या मुलाला 'तुझ्या आईला आवर' म्हणून सांगणारे कार्यकर्ते मी पाहिले आहेत. त्यांनी जोतीरावांचे ते पान काढून वाचावे.

आमच्या विहारातल्या काही तरुणांशी बोलून एक साधी गोष्ट ठरविली आहे. वर्षावासात ग्रंथवाचन होतेच. त्याखेरीज दर मंगळवारी संध्याकाळी पाच-सहा जणांनी गल्लीतल्या एका घरी जाऊन बसायचे. आधी घरातल्यांचे ऐकायचे, मग वाचायचे. कुणाच्या घरी प्रार्थना होत असेल तर तेही घर वगळायचे नाही. रुग्णालयात कुणी असेल तर पाळी लावायची. वहीत वर्गणीचे आकडे लिहायचे नाहीत. नावे लिहायची आणि पुढच्या मंगळवारी ती नावे घेऊन विचारपूस करायची.